अण्णांचा सिरका

आमच्या घरात दारू गाळली जाते अशी तक्रार पोलीस चौकीवर गेली, तेव्हा मी नववीत होते. ती तक्रार साफ खोटी होती असं मी पुढे कितीतरी वर्षं सगळ्यांना सांगत आले. खरं म्हणजे ती साफ खोटी नव्हती. पण ते नीट कळायचं असेल तर आधी माझ्या आईच्या हातांबद्दल सांगायला हवं.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. नाशिकरोडला आमची कॉलनी होती. बहुतेक घरं बौद्धांची, कुणी अंबडला कारखान्यात, कुणी शाळेत शिपाई, कुणी कचेरीत कारकून. माझे वडील, म्हणजे अण्णा, एका कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक होते. परीक्षानळ्या धुणं, बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवणं आणि मुलांनी फोडलेल्या काचा गोळा करणं हे त्यांचं काम. पण ते पांढरा कोट घालत, त्यामुळे नवीन मुलं त्यांना ‘सर’ म्हणत. अण्णा पहिल्याच दिवशी वर्गासमोर सांगायचे, “मी सर नाही, असिस्टंट आहे.” खोटेपणा त्यांना कपड्यांतलासुद्धा खपत नसे. दर रविवारी सकाळी कॉलनीतल्या विहारात तेच वंदना घ्यायचे. पंचशीलातलं चौथं शील खोटं न बोलण्याचं आणि पाचवं नशापाणी न करण्याचं. ही दोन्ही म्हणताना त्यांचा आवाज जरा चढायचा, आणि कॉलनीतले दोन-तीन जण तेवढ्यापुरते खाली बघायचे.

आईचे हात त्या हिवाळ्यात फुटले. आधी बोटांच्या बेचक्यात खाज सुटली, मग तळव्याला चिरा पडल्या. भाकरी थापताना पिठाला रक्ताचा ठिपका लागला, तेव्हा अण्णा तिला सरकारी दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टरांनी हात उलटसुलट करून पाहिले आणि विचारलं, “भांडी-कपडे कशानं धुता?”

“पावडरनं,” आई म्हणाली. ते सांगतानाही तिच्या आवाजात थोडा तोरा होता.

“ती बंद करा.”

ते ऐकून आईला फार लागलं. धुण्याची पिवळी पावडर ही आमच्या घरातली मानाची गोष्ट होती. आईची आई गावात दुसऱ्यांच्या घरची भांडी राखेनं घासायची. आईनंही लग्नापर्यंत तेच केलं. लोक ती भांडी दारात ठेवत, आणि घासून झाली की वरून पाणी ओतून आत घेत. म्हणून लग्नानंतर स्वतःच्या मोरीत, स्वतःच्या नळाखाली, पावडरच्या फेसात तिनं पहिलं ताट धुतलं, ते तिला कायम लक्षात होतं. पावडरचा डबा ती मोरीत ठेवत नसे. तो फळीवर, चहाच्या डब्याशेजारी असायचा.

दवाखान्यातून परत येताना बसमध्येच अण्णांनी जाहीर केलं, “आता आपण सगळं घरी तयार करायचं. निसर्गातलं. अपाय नाही असं.”

आईनं फक्त विचारलं, “तयार कोण करणार?”

“मी.”

“आणि घासणार कोण?”

अण्णा बसच्या तिकिटामागे सामानाची यादी लिहू लागले.

पहिला प्रयोग रिठ्यांचा. भद्रकालीतल्या काष्ठौषधीच्या दुकानातून अण्णांनी पिशवीभर रिठे आणले. ते फोडून, रात्रभर भिजवून, सकाळी उकळून, कुस्करून, गाळून त्यांनी तीन बाटल्या भरल्या. प्रत्येक बाटलीवर सुबक अक्षरांत चिठ्ठी: ‘द्रावण क्रमांक एक’. द्रावण क्रमांक दोन अजून अस्तित्वात नव्हतं, पण शास्त्राच्या दृष्टीनं क्रमांक आवश्यक होता. रिठे फोडताना उडालेल्या भुकटीनं आम्ही तिघं तासभर शिंकत होतो. अण्णांनी वहीत नोंद केली, ‘फोडताना नाकाला फडके बांधावे.’

त्या द्रावणात माझा शाळेचा पांढरा ब्लाउज धुतला. फेस छान झाला. मळही निघाला असावा. मात्र ब्लाउजला फिकट चहासारखा रंग आला आणि तो पुढची दोन वर्षं गेला नाही. शाळेत बाईंनी विचारलं, “घरी साबण संपलाय का?” मी म्हटलं, “नाही बाई, आमच्याकडे निसर्गातलं आहे.” सगळा वर्ग हसला. घरी येऊन मी रडले. अण्णांनी ऐकून घेतलं आणि वहीत लिहिलं, ‘पांढऱ्या कपड्यांस अयोग्य.’

दुसरा प्रयोग राखेचा. इथं अडचण अशी की आमच्याकडे राखच नव्हती. चार वर्षं नंबर लावून आदल्या दिवाळीला गॅस आला होता. त्यासाठी आईनं चूल मोडून तिथं ओटा बांधून घेतला होता. आता अण्णा सायकलवर डालड्याचा रिकामा डबा अडकवून चुरमुऱ्यांच्या भट्टीवर राख आणायला जाऊ लागले. भट्टीवाल्याला वाटलं, ह्यांना धुण्याची पावडर परवडेना झाली. त्यानं एक दिवस आपणहून डब्यावर मूठभर चुरमुरे ठेवून दिले.

राखेचा डबा घरात आला तेव्हा आई दारातच उभी राहिली.

“हे काय?”

“राख. लाकडाची. हिच्यात क्षार असतो, तेलकटपणा चटकन निघतो.”

“मला सांगता होय?” आई म्हणाली. “आठव्या वर्षापासून घासली आहेत मी राखेनं. राखेतून उठायला मला दहा-बारा वर्षं लागली, आणि तुम्ही मला परत तिच्यातच बसवता.”

अण्णा गोंधळले. भांडी राखेनं निघतात हे त्यांना पुस्तकातून माहीत होतं. आईला ते कसं माहीत आहे, हे त्यांना लग्नाला सतरा वर्षं होऊनही सुचलं नव्हतं. ते डबा घेऊन तसेच अंगणात उभे राहिले. मग हळूच म्हणाले, “राख नको तर नको. तिचं पाणी करतो. वरची निवळ तेवढी घेऊ. राख तुला दिसणारसुद्धा नाही.”

राखेचं पाणी केलं. दोन दिवसांनी वरची स्वच्छ निवळ बाटलीत भरली: द्रावण क्रमांक दोन. दिसायला पाण्यासारखं. आईनं त्यानं तेलाची कढई घासली, कढई लख्ख निघाली, आणि दुपारपर्यंत तिचे हात कोपराखाली लालबुंद झाले. राखेचा क्षार तो. पावडरनं चिरा पडायला कितीतरी वर्षं लागली होती, निसर्गानं ते काम एका दुपारीत केलं.

अण्णांनी पुन्हा दवाखाना गाठला. डॉक्टर चिडले. “महिनाभर हात पाण्यात घालायचे नाहीत. कशाच्याच. बाई, घरात दुसरं कुणी नाही का?”

मी तिथंच उभी होते. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. आई लगेच म्हणाली, “ती नाही. तिचे हात वहीवर राहतील.”

मग सगळ्यांनी अण्णांकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवसापासून अण्णा भांडी घासायला बसले. आमची मोरी घराच्या मागच्या अंगणात होती आणि तिच्यापलीकडे अंबडच्या बसचा थांबा. सकाळी साडेसहाला पहिल्या पाळीची माणसं तिथं उभी असायची, आणि कुंपणावरून त्यांना आमची मोरी अगदी समोर दिसायची. पहिले दोन दिवस लोक नुसते बघत राहिले. तिसऱ्या दिवशी एकानं हाक मारली, “काय अण्णा, नोकरी बदलली का?”

“नाही,” अण्णा कढईतून मान वर न करता म्हणाले. “तीच आहे. तिथं काच धुतो, इथं पितळ.”

आई दारात पाट टाकून बसायची. हात मांडीवर, मलम लावलेले, उताणे. काम सांगण्याचा तिला सराव नव्हता, पण चार दिवसांत झाला. “कडेला राहिलंय.” “तळ बघा तळ.” “ते भांडं धुतलंत की नुसतं भिजवलंत?” अण्णांना तेव्हा कळलं की द्रावण क्रमांक एकनं तेलकट भांडं स्वच्छ करायचं तर तीन वेळा घासावं लागतं. वहीत आधी ‘परिणामकारक’ असं लिहिलं होतं. ते खोडून त्यांनी लिहिलं, ‘परिणामकारक, घासणारा दुसरा असल्यास.’ हे वाक्य मी माझ्या डोळ्यांनी वाचलेलं आहे.

तिसऱ्या आठवड्यात मोरीतल्या फरशीवरच्या पांढऱ्या डागांनी अण्णांना घेरलं. आमच्याकडे बोअरचं जड पाणी, त्याचे थर बादलीला आणि फरशीला बसायचे. लोक बाजारातलं ॲसिड ओतायचे, पण ॲसिडनं काय होतं ते अण्णा कॉलेजात रोज पाहत होते. “आंबट काहीतरी हवं,” ते म्हणाले, “पण सौम्य.” लिंबं महाग होती. चिंचेनं फरशी काळी पडली. तेवढ्यात निफाडहून माझा मामा आला. तो तिकडे द्राक्षबागेत कामाला होता. काढणी चालू होती, आणि घडांतून गळलेले, फुटलेले मणी कुणी विकत घेत नसे. मामानं मला खायला म्हणून पाटीभर आणले होते. अण्णांनी त्यातले मणी चुरगळून पाहिले आणि त्यांचे डोळे चमकले.

“सिरका!”

पुढच्या रविवारी मामा दोन पाट्या घेऊन आला. अण्णांनी मणी कुस्करून दोन मोठ्या चिनी मातीच्या बरण्या भरल्या, तोंडाला सुती फडकी बांधली आणि त्या मागच्या पडवीत ठेवल्या. मला त्यांनी समजावून सांगितलं, “आधी यातली साखर आंबते, तिचं अल्कोहोल होतं. मग हवा लागून त्याचं आम्ल होतं. तो सिरका.”

“अल्कोहोल म्हणजे दारू?” मी विचारलं.

अण्णा म्हणाले, “मधल्या काळात, हो.”

तो मधला काळ चांगलाच लांबला. चौथ्या दिवसापासून बरण्या फसफसू लागल्या. आठवड्याभरात वास पडवीतून अंगणात, अंगणातून गल्लीत पोचला. मार्चचं ऊन होतं. शेजारच्या काकू पापड वाळत घालायच्या त्या दुसऱ्या बाजूला घालू लागल्या. अण्णा रोज फडकं सोडून ढवळायचे, वाकून वास घ्यायचे. कुंपणाबाहेरून बघणाऱ्याला ते कसं दिसत असेल, हे त्यांच्या मनातही आलं नाही. रविवारी वंदनेला ते नेहमीसारखे पुढे बसले. पाचवं शील म्हणताना आवाज चढला. मागे कुणीतरी खोकलं, मग आणखी कुणीतरी खोकलं. विहाराचे सेक्रेटरी होते, त्यांनी मान फिरवून अण्णांच्या सदऱ्याचा वास घेतला. मी बायकांच्या रांगेतून ते स्पष्ट पाहिलं.

त्याच संध्याकाळी कॉलनीतले एक गृहस्थ आमच्या दारात आले. रविवारी खाली बघणाऱ्यांपैकी एक. हातात रिकामी बाटली, पिशवीत गुंडाळलेली.

“अण्णा,” ते खालच्या आवाजात म्हणाले, “आपल्याच माणसाकडून घेतलेलं बरं. लांब जावं लागतं हो.”

अण्णांना कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा त्यांनी त्या गृहस्थांना आत बसवलं, चहा दिला आणि सिरका कसा तयार होतो हे पहिल्यापासून समजावलं. गृहस्थांनी सगळं नीट ऐकलं. उठताना म्हणाले, “म्हणजे आत्ता या घटकेला ती दारूच आहे ना?”

“हो, पण—”

“मग मी उद्या येतो.”

ते परत आले नाहीत, कारण आईनं त्यांना दाराशीच गाठून जे सांगितलं ते फार कमी शब्दांत होतं.

मे महिन्यात पोलीस आला. एकटाच हवालदार, पोट सुटलेला, उन्हानं घामाघूम. गल्लीतली सगळी दारं उघडी होती आणि सगळ्या दारांत माणसं होती. तक्रार कुणी केली ते त्यानं सांगितलं नाही. सेक्रेटरी मात्र नेमके त्याच वेळी समोरच्या ओट्यावर पेपर वाचत होते. पेपर उलटा नव्हता एवढंच.

हवालदार थेट पडवीत गेला. फडकं उचललं.

“हे काय आहे?”

“सिरका,” अण्णा म्हणाले. “फरशी धुवायला.”

“दारू नाही?”

आता इथं जगातला कुठलाही माणूस ‘नाही’ म्हणाला असता. तेवढ्यावर भागलं असतं.

“आत्ता नाही,” अण्णा म्हणाले. “मागच्या महिन्यात होती.”

हवालदारानं टोपी काढली. “म्हणजे तुम्ही कबूल करताय?”

“कबूल म्हणजे, तसा टप्पाच असतो. आधी साखर, मग अल्कोहोल—”

“तुम्ही गप्प बसा,” आई म्हणाली. सतरा वर्षांत तिनं अण्णांना असं चारचौघांत कधी म्हटलं नव्हतं. ती पुढे झाली. तिचे हात अजून पांढऱ्या पट्ट्यांत गुंडाळलेले होते. हवालदारानं ते पाहिले आणि तो एक पाऊल मागे सरला. तो काय समजला कोण जाणे.

“साहेब,” आई म्हणाली, “तुमचा पट्टा काढा.”

“काय?”

“पट्टा. पितळेचं बक्कल काळं पडलंय. द्या इकडे.” आणि अण्णांकडे वळून, “मीठ आणा.”

हवालदारानं पट्टा काढला. का काढला हे त्यालाही सांगता आलं नसतं. आईच्या आवाजात त्या उन्हाळ्यात तेवढी जरब आली होती. अण्णांनी बरणीतून वाटीभर सिरका घेतला, त्यात मीठ घातलं, फडक्यानं बक्कल चोळलं, मग पाण्यानं धुऊन पुसलं. ते सोन्यासारखं झळकायला लागलं. हवालदार एका हातानं पँट धरून ते उन्हात फिरवून फिरवून बघत राहिला. मग त्यानं वाटीत बोट बुडवून जिभेला लावलं, आणि त्याचा चेहरा असा झाला की समोरच्या दारातली पोरं खिदळली.

“ही दारू नाही,” त्यानं मोठ्यानं, गल्लीला ऐकू जाईल असं सांगितलं. “ही दारू कुणी प्यायला तर मलाच कळवा.”

“पण मागच्या महिन्यात,” अण्णांनी सुरुवात केली.

“अण्णा!” मी ओरडले.

जाताना हवालदारानं एक बाटली ‘तपासणीसाठी’ नेली. तपासणी समाधानकारक झाली असावी, कारण पंधरा दिवसांनी तो आणखी चार बाटल्यांसाठी आला. चौकीत परेड होती. अण्णांनी त्या बाटल्यांवर ‘द्रावण क्रमांक तीन’ लिहून दिलं आणि खाली बारीक अक्षरांत, ‘पिऊ नये.’

गल्लीचा सूर त्यानंतर बदलला. ज्या काकूंनी पापड हलवले होते त्या बाटली घेऊन आल्या. सेक्रेटरींच्या घरून मुलगी आली, “आईनं मागितलंय, स्टोव्ह चकचकीत करायला.” आई देऊ नका म्हणत होती. अण्णांनी सगळ्यांना दिलं, फुकट. पण पुढच्या रविवारी ते वंदना घ्यायला पुढे बसले नाहीत. मागे, सतरंजीच्या कडेला बसले. सगळे थांबले तेव्हा उठून म्हणाले, “माझ्या घरात दीड महिना दारू होती. प्यालो नाही, पण केली मी. म्हणून काही दिवस दुसऱ्या कुणी घ्यावी.” सेक्रेटरींना पुढे बसावं लागलं. चौथं शील म्हणताना ते अडखळले.

मला त्या वेळी अण्णांचा राग आला. एवढं सगळं मिटलेलं असताना स्वतःच उकरून काढायची काय गरज, असं वाटलं. अजूनही अधूनमधून वाटतं.

जूनमध्ये आम्ही शेवटचे डॉक्टरांकडे गेलो. आईचे हात कोरडे, मऊ, नवीन कातडीचे झाले होते. डॉक्टर खूश झाले. “काय वापरलंत?”

अण्णा वही घेऊनच गेले होते. त्यांनी ती उघडली, “पहिलं द्रावण रिठ्याचं—”

“काही नाही वापरलं,” आई म्हणाली. “यांनी भांडी घासली.”

“मग हेच औषध चालू ठेवा,” डॉक्टर म्हणाले आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

ते औषध चालू राहिलं. त्या मोकळ्या महिन्यांत आईला रोज सकाळ-संध्याकाळचे दोन तास सापडले होते आणि तिनं ते परत दिले नाहीत. ती सातवी शिकलेली होती. दारात पाटावर बसून तिनं माझी जुनी पुस्तकं वाचायला घेतली, मग बालवाडीच्या सेविकांसाठी प्रशिक्षण असतं असं कुठूनसं ऐकलं आणि अर्ज भरला. अर्जावरची सही तिनं आठ वेळा कच्च्या कागदावर गिरवली. बोटं वळत होती, याचंच तिला अप्रूप वाटत होतं.

सिरक्याच्या बरण्या आणखी एक हंगाम चालल्या. मग मामाची नोकरी सुटली, द्राक्षं येईनाशी झाली, आणि भांडी घासायचं काम अण्णांकडेच राहिल्यामुळे त्यांनी एके दिवशी कुणाला न विचारता पिवळ्या पावडरचं पाकीट आणलं. त्यांच्या हातांना ती कधीच बाधली नाही.

आईचा बालवाडीचा पहिला दिवस सोमवारी होता. तिनं पांढरी, निळ्या काठाची साडी नेसली होती आणि केसांना तेल जरा जास्तच लावलं होतं. अण्णा मोरीवर बसून तिचा डबा पुसत होते. थांब्यावरच्या माणसांनी तिच्यासाठी जागा केली. बस आली तेव्हा तिनं खिडकीतून वाकून अण्णांना ओरडून सांगितलं, “दुधाचं पातेलं भिजत घातलंय, ते विसरू नका!” आणि बस हलली.